नाव आत आहे

आमच्या दुकानाला पाटी नव्हती. लातुरात, गोलाईच्या गोल बाजारपेठेतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर, पुढे पत्र्याचे दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या, असा आमचा संसार होता. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, म्हणणे असे की ज्याची मोटर जळते त्याला दुकान आपोआप सापडते. विहिरीवरच्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, पंखे, मिक्सर, जे काही तांब्याच्या तारेवर चालते आणि कधीतरी जळते, ते आमच्याकडे येई. जळलेली तार सोडायची, सोडताना तिचे वेढे मोजायचे, तेवढेच नव्या तारेचे घालायचे, सुताने बांधायचे, वार्निशात बुडवून पत्र्यावर उन्हात वाळवायचे. आईच्या भाकरीला वार्निशचा वास येतो अशी तक्रार मी एकदा केली होती. ती म्हणाली, "मग वार्निशला भाकरीचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतंय का? न्हाई ना? खा."

पाटी नसली तरी नाव होते, पण ते आत. अण्णांची पद्धत अशी की ज्याने मोटर बांधली त्याने इन्सुलेशनच्या जाड कागदाचा बोटभर तुकडा कापायचा, त्यावर आपल्या हाताने आपले नाव लिहायचे आणि मागच्या झाकणाखाली ठेवून झाकण बंद करायचे. मोटर नीट चालली तर ते नाव कुणी कधीच वाचणार नाही. जळून परत आली तर झाकण उघडल्या उघडल्या पहिले तेच दिसणार. मग त्या माणसाने आठ दिवस तारेला हात लावायचा नाही आणि दुकान झाडायचे. यातून अण्णा स्वतःही सुटले नव्हते. मी त्यांना दोनदा झाडताना पाहिले आहे, तेही गिऱ्हाइकांसमोर, टोपी न काढता. "ही कुणी बांधली?" असे कुणी विचारले की ते नुसते म्हणत, "नाव आत हाय."

त्या साली पाऊस नव्हता. आदल्या सालीही नव्हता. आधी विहिरी तळाला गेल्या तेव्हा कोरड्या चालून मोटरी जळाल्या आणि आमच्याकडे रांग लागली. मग विहिरी पुरत्याच आटल्या आणि मोटरी जळायच्याही थांबल्या. दुष्काळात आधी आमचे भरभराटीचे दिवस येत आणि मग सगळ्यांसारखे. त्याच काळात आमचा जिल्हा नवा झाला होता. ज्या गावात घागरभर पाणी मिळत नव्हते त्या गावात एकाएकी साहेब मात्र मुबलक झाले. गोदामांची कचेऱ्या झाल्या, कचेऱ्यांच्या मोठ्या कचेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक भिंतीत दिवे, पंखे आणि घंटीच्या वायरी घालायच्या होत्या. त्यासाठी भिंतीत खाच पाडायची ती छन्नी-हातोड्याने. दिवसभर गावात तो ठक ठक आवाज चाले. नवा जिल्हा म्हटले की मला अजूनही भाषणे आठवत नाहीत, छन्नीच आठवते.

मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच घरी आलो होतो. माझ्याकडे ड्रॉइंग बोर्ड होता, टी-स्क्वेअर होता आणि वाचनालयातून आणलेली पुस्तके होती. भिंत कापायचे हातात धरायचे यंत्र करावे ही कल्पना माझी. मिक्सरची मोटर घ्यायची, सुताराच्या हातड्रिलमधले दातेरी चाक बसवून तिची फिरक काटकोनात वळवायची, पुढे घासदगडाची पातळ चकती लावायची आणि वर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे अर्धगोल झाकण. मी त्याची तीन बाजूंनी चित्रे काढली, मापे टाकली, कोपऱ्यात ठळक अक्षरांत नाव घातले. अण्णांनी कागद सरळ धरला, मग आडवा धरला आणि म्हणाले, "चित्र झ्याक हाय. उत्तमला दाखव."

उत्तम माझा आतेभाऊ. त्याचे हे नाव ठेवून आत्याने पहिल्याच दिवशी माझ्यावर मात केली होती. तो कंधारकडचा. शेतात काही उरले नाही म्हणून एका सकाळी एसटीतून उतरला, हातात अर्धी पिशवी ज्वारी, आणि दारातून म्हणाला, "जयभीम मामा. मामी, ही ज्वारी घ्या, मी लई खातो." माझी आई इतकी हसली की मला त्या हसण्याचा राग आला. मला अजून आठवते, तिने त्याला पहिल्या दिवशी लग्नाकार्यात करतात ती येसराची आमटी केली. माझा निकाल लागला त्या दिवशी घरात पिठले होते.

उत्तम दहावीला गणितात दोनदा आपटला होता आणि डावखुरा होता. जेवायचे तेवढे उजव्या हाताने, बाकी सगळे डाव्या. सहा महिन्यांत तो मोटर बांधायला शिकला. तार त्याच्या हातातून अशी जाई की जणू तीच त्याला कुठे जायचे ते सांगते आहे. अण्णा मला काही शिकवताना त्याच्याकडे बघून शिकवत. वर तो मला दादा म्हणे. माझ्यापेक्षा फक्त अकरा महिन्यांनी लहान असलेल्या माणसाने मला दादा म्हणावे आणि त्यात कुठेही खोच नसावी, याची मला फार चीड होती. खोच असती तर निदान भांडता आले असते.

माझे चित्र त्याने जमिनीवर पसरले आणि उकिडवे बसून बराच वेळ पाहिले.

"दादा, ही मूठ उजव्या अंगाला का?"

"धरायला."

"मंग मी कशी धरू?"

"तू नको धरू."

अण्णा हसले नाहीत. उत्तमने मुठीला आटे पाडले आणि यंत्राच्या दोन्ही बाजूंना भोके ठेवली. ज्याला जिकडे हवी तिकडे मूठ फिरवून बसवावी. नंतर तो म्हणाला की घरातल्या दिव्याचे बटण यावर चालायचे नाही. हातातून यंत्र सुटले तर बटण चालूच राहील आणि यंत्र जमिनीवर नाचत बसेल. त्याने सायकलच्या ब्रेकची लिव्हर काढून मुठीवर बसवली. आवळून धरली की यंत्र चालते, सोडली की बंद. अण्णांनी ती तीन-चार वेळा आवळली, सोडली, आवळली, सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुझ्या पुस्तकात न्हवतं व्हय?"

होते. पुढच्या प्रकरणात होते. मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

गेल्या महिन्यात इथे नांदेडला, आमच्या घरी पडद्याचे दांडे ठोकायला एक पोरगा आला होता. त्याची ड्रिल मशीन बॅटरीवरची, पिवळीजर्द. पेटीतून काढली, बाजूची मूठ फिरवून सोडवली आणि डाव्या अंगाला बसवली. मी विचारले, तू डावखुरा का? म्हणाला, "हाव, पण काका, ही दोन्हीकडून बसते, कंपनीचीच सोय आहे." मी सुनेला चहा ठेवायला सांगितले आणि आत जाऊन बसलो. चाळीस वर्षांनंतर, कुण्या परदेशी कारखान्याने माझ्या घरात येऊन पुन्हा उत्तमचीच बाजू घेतली होती.

तर, नव्या जिल्ह्यात उद्योगधंद्याचे प्रदर्शन भरणार असे ठरले आणि त्याच सुमाराला गावाबाहेर नव्या वसाहतीत एक शेड आम्हाला मिळायचे ठरले. अण्णा दोन्ही दुकाने सांभाळू शकणार नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवले. "एकाच चित्रावरून दोघं दोन मशिनी करा. बॉडी सारखी, रंग सारखा. ज्याची चांगली व्हईल ती प्रदर्शनात जाईल. ज्याची मशीन, त्याचं शेड."

आई चुलीपासून म्हणाली, "घरच्या पोरात कसली शर्यत लावता?"

"शर्यत न्हाई. कुणाची कंची ते मला बी कळू नये. नाव आतच ऱ्हाऊ दे."

शेड म्हणजे चार भिंती आणि पत्रा. पण मला ते अण्णांच्या तोंडून माझ्या नावावर हवे होते. मी त्यांचा मुलगा होतो, ही गोष्ट घरात कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावी, एवढेच मला हवे होते.

आम्ही दोघांनी यंत्रे केली. जुनी भांडी वितळवून ओतलेल्या बॉड्या, दोन्ही हिरव्या, दोन्हींना ब्रेकची लिव्हर. मोटर ज्याची त्याने बांधली, चिठ्ठी ज्याची त्याने आत ठेवली. आईने दोन्ही आणून ओट्यावर ठेवली आणि अण्णांनी मागच्या भिंतीवर एकेक दोन दोन मिनिटे चालवली. पहिली माझी होती. तिचा आवाज मला ओळखू आला, सभ्य होता. दुसरी किंचाळलीच. लाल धुळीचा लोट उठला, आणि तो बसला तेव्हा तिची खाच माझ्या खाचेहून हातभर लांब होती. अण्णांनी दुसऱ्या मशीनवर खडूने निवडीची फुली केली आणि ती फळीवर ठेवली. उत्तमचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा प्रदर्शनाचा पास आणायला गेले होते. आई हातपंपावर नंबरला उभी होती आणि उत्तम तिच्या घागरी धरून तिच्यासोबत. आमच्या घरात घागरीला हात लावणारा तो पहिला पुरुष, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया आईला म्हणत, भाचा म्हणावा तर असा. मी दुकानात एकटा होतो. दोन मशिनी, चार स्क्रू. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. हात थरथरत होते असे लिहिले तर बरे दिसेल, पण नव्हते. त्या दिवसाइतका माझा स्क्रूड्रायव्हर कधीच सरळ चालला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मांडवासमोरच्या रस्त्यावर टँकरने पाणी मारले. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून. रस्त्याच्या दोन्ही कडांना बाया रिकाम्या घागरी घेऊन ते मुरताना बघत होत्या. पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर रस्ता वाळला होता, म्हणून पुन्हा मारले. मग स्वागत, मग हार, मग ज्यांना हार घालायचे राहिले त्यांना हार. आमच्या गाळ्यात आम्ही विटांची छोटी भिंत उभी केली होती. मोठे पाहुणे तिथपर्यंत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात इतके झेंडू होते की यंत्र बघायला त्यांना हनुवटी उचलावी लागत होती.

अण्णांनी यंत्र चालवले. धुळीचा झोत, विटेत सरळ खाच, टाळ्या.

"वा! कुणी तयार केलं?" पाहुण्यांनी विचारले. बाजूचा कारकून कागद सरसावून उभा राहिला.

अण्णा याच प्रश्नाची वर्षानुवर्षे वाट बघत असावेत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढत ते म्हणाले, "नाव आत हाय साहेब." झाकण उघडले. चिठ्ठी काढली, लांब धरून वाचली. मग मोठ्याने म्हणाले, "प्रकाश. माझा मुलगा."

माझा मुलगा. म्हणाले ते. शंभर माणसांसमोर. मी उत्तमकडे बघितले नाही. त्याला कळले असणार हे मला ठाऊक होते. आपल्या मशीनचा आवाज आईलासुद्धा तिच्या पोराचा येत नाही इतका ओळखू येतो.

झाकण लावून झाले तोच छायाचित्रकाराने सुचवले की साहेबांनी स्वतः यंत्र चालवताना एक फोटो व्हावा. साहेबांनी लिव्हर आवळली, चकती विटेत रुतवली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फ्लॅश उडाला नाही. छायाचित्रकाराने काहीतरी खटपट केली. साहेब हसत राहिले आणि यंत्र दाबत राहिले. पुन्हा फ्लॅश उडाला नाही. "असंच धरा साहेब." यंत्राचा आवाज जाड झाला. मग तो वास आला. जळत्या वार्निशचा वास मांडवात शंभर लोकांना आला असेल, पण त्याचा अर्थ आम्हा तिघांनाच कळला.

"लिव्हर सोडा साहेब!" उत्तम ओरडला.

साहेबांनी घाबरून हात सोडला आणि यंत्र तिथल्या तिथे बंद पडले, नाचले नाही. धूर मात्र येत राहिला. त्याच क्षणी फ्लॅश उडाला.

कुणाला काही झाले नाही. पाहुणे पुढच्या गाळ्यात लोणची बघायला गेले. प्रमाणपत्रे आधीच छापलेली असल्यामुळे मला उत्तेजनार्थ मिळाले. ते आईने तसबिरीत घालून बाबासाहेबांच्या फोटोच्या बरेच खाली, दाराजवळ लावले.

घरी आल्यावर अण्णांनी धुमसलेले यंत्र ओट्यावर ठेवले. तेव्हा उत्तम पुढे झाला.

"मामा, मशीन माझी हाय."

"आत नाव कुणाचं हाय?"

"नाव काय बी असू दे. माझी हाय ती. मी बांधली."

अण्णांनी त्याच्याकडे बघितले. त्यात राग नव्हता. मामेभावाचे अपयश अंगावर घ्यायला निघालेल्या पोराकडे बघावे तसे बघितले त्यांनी. मी त्याचे नाव चोरले होते, आणि त्याने एका वाक्यात ते व्याजासह परत मिळवले. खरे बोलून! मी त्या क्षणी नुसते "हो, त्याचीच आहे" म्हणालो असतो तर मशीन जाळल्याचा दोष त्याच्याकडे गेला असता, जिथला होता तिथे. पण त्यासाठी आधी चिठ्ठी कशी बदलली ते सांगावे लागले असते. मी झाडू उचलला.

"आठ दिस," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर ओटा झाडत असताना आत अण्णा जळलेली कॉइल सोडत बसले होते. उत्तम दुसरे टोक धरून. अण्णा वेढे मोजत होते, मोठ्याने. आमच्याकडे मोजणी चालू असताना कुणी बोलायचे नाही, कुणी आत यायचे नाही, नाहीतर आकडा चुकतो. मोजणी संपल्यावर आत थोडा वेळ कुजबुज चालली. मग अण्णा दारात आले.

"दर कॉइलला वीस टर्न कमी हायत."

मला लख्ख उजेड पडला. वेढे कमी घातले की मोटर जोरात पळते आणि लवकर तापते. म्हणून ती किंचाळत होती, म्हणून तिची खाच हातभर लांब होती. उत्तमने, त्या साध्यासुध्या, घागरी वाहणाऱ्या, दादा दादा करणाऱ्या उत्तमने लबाडी केली होती! दोन मिनिटांच्या परीक्षेपुरती मशीन बांधली होती त्याने. आणि ही बातमी मी जगात कुणालाही सांगू शकत नव्हतो, कारण कागदोपत्री ती लबाडी माझी होती.

"आठ दिस न्हाई," अण्णा म्हणाले. "दोन महिने झाड."

"आठ दिवसांचा नियम आहे."

"म्हाईत हाय मला नियम."

मी दोन महिने झाडले. येणारा जाणारा विचारी, आणि मी माझ्याच उत्तेजनार्थाखाली केर भरत असे. शेड उत्तमला मिळाले. त्याने पुढे तसलीच यंत्रे केली, पूर्ण वेढ्यांची, आणि नव्या जिल्ह्याच्या अर्ध्या भिंती त्यांनीच कापल्या. अण्णांनी पक्षपात केला असे मी ठरवून टाकले. ते ठरवल्यावर सगळे सोपे झाले. नोकरीचा अर्ज भरला, नांदेडला आलो, कालव्याच्या कचेरीत आयुष्य काढले. अण्णांकडे सणावाराला जात असे. ते चहा पिता पिता कधी कधी माझ्याकडे बघत थांबत, जणू मी काही बोलणार आहे. मी हवापाण्याचे बोलत असे.

त्या प्रदर्शनानंतर तीस वर्षांनी अण्णा गेले, तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी उत्तमने एसटीच्या पार्सलने मला पाठवली. त्यात स्क्रूड्रायव्हर होता, चष्मा होता, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेले काहीतरी. सोडले तर जळक्या कॉइलचा एक तुकडा निघाला, काळा पडलेला, सुताच्या बांधणीसकट. त्याला माझ्या अक्षरातली माझी चिठ्ठी दोऱ्याने बांधली होती. कॉइल हातात घेऊन मी खिडकीशी गेलो. सुताचे वेढे उलटे गेले होते. उजवीकडून डावीकडे. गाठ डाव्या हाताची होती.

नाव बदलता आले होते मला. गाठीचा विचारच केला नव्हता.

मी उत्तमला फोन लावला.

"अण्णांना कधी कळलं?"

"सोडतानाच की. मीच तर धरली होती कॉइल. टर्न मोजायच्या आधीच गाठ बघितली त्यांनी, मंग माझ्या हाताकडं बघितलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणलं, मामा, टर्न मी कमी घातले, दादाला कशापायी झाडायला लावता? तर म्हणले, तुझं तू काल बोलून मोकळा झालास. त्याचं त्याला सांगू दे. त्यानं सांगंपर्यंत तू तोंड उघडायचं न्हाई, हीच तुझी शिक्षा." मग तो म्हणाला, "मला वाटलं, आठ-पंधरा दिसात सांगशील तू दादा."

म्हणजे ते वीस वेढे माझ्या नावावर नव्हतेच. दोन महिने मी चिठ्ठीसाठी झाडत होतो आणि ते मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होते.

"आईलाही?"

"मामीला मी न्हाई सांगितलं. पण त्या तसबिरीची काच ती कधी पुसायची न्हाई, बघितलं न्हाईस का तू?"

मी फोन ठेवला. पश्चात्ताप वगैरे व्हायला हवा होता, आणि तोही झाला, नंतर, सावकाश. पण खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा जे मनात आले ते वेगळे होते. मला अण्णांनी दोन महिन्यांची शिक्षा दिली. उत्तमला तीस वर्षांची दिली, आणि तो ती पुरी करील याची त्यांना खात्री होती.